चौदा महिने सेन्सर लावला, आकडा हललाच नाही

प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवर कार्बन डायऑक्साइडचा साधा, स्वस्तातला सेन्सर लावून चौदा महिने नोंदी ठेवल्या. रोज दुपारी आकडा ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) आसपास येतो, वाढ काही दिसत नाही. मग ४२०-४२५ पीपीएम हे आकडे येतात कुठून? आणि आता उपग्रह वरून सगळी पृथ्वी बघत असताना ज्वालामुखीच्या डोंगरावर नि दक्षिण ध्रुवावर माणसं बसवून साठ-पासष्ट वर्षं तेच ते मोजत राहण्यात काय हशील?

मी अशाच एका मोजणी केंद्रावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल. तुमचे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

आधी तुमच्या सेन्सरचं बघू. या जातीच्या बहुतेक सेन्सरमध्ये आपोआप स्वतःला सरळ करून घ्यायची सोय असते. गेल्या आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, आणि बाहेरची हवा म्हणजे ४००, असं धरून तो दर काही दिवसांनी आपला काटा तिथे आणून ठेवतो. खोलीत हवा कोंदली का एवढंच बघायचं असेल तर ही सोय झकास आहे. पण तो गच्चीवर ठेवून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय का असं विचारलंत, तर जे शोधायचंय तेच त्याने आधी गृहीत धरलंय. चौदा महिने सोडा, चौदा वर्षं ठेवलात तरी तो ४००च सांगणार. ही सोय बंद करता येते, पण मग तो हळूहळू स्वतःच्या मनाने सरकायला लागतो. आतला दिवा मंदावतो, तापमान-दाब बदलले की आकडा हलतो. नवा असतानासुद्धा अशा सेन्सरच्या माहितीपत्रकात तीस-पन्नास पीपीएम इकडे-तिकडे अशी मुभा लिहिलेली असते.

आता हवेतली खरी वाढ किती? अलीकडच्या वर्षांत साधारण अडीच पीपीएम दर साल. २०२३ ते २०२४ या वर्षात जागतिक सरासरी ३.५ पीपीएमने वाढली, ती सलग नोंदी सुरू झाल्यापासूनची सगळ्यात मोठी उडी होती; २०२४ची सरासरी ४२३.९ भरली. म्हणजे उंची मोजायची टेप स्वतःच हातभर लांब-आखूड होत असताना पोरगं वर्षात बोटभर वाढलं की नाही ते तुम्ही बघताय.

बरं, वाढ किती एवढंच हवं असतं तर काम तुलनेने सोपं होतं. खरी मेख पुढे आहे. माणूस कोळसा, तेल, गॅस जाळून आणि जंगलं तोडून जितका कार्बन हवेत सोडतो, त्यातला निम्म्याहून थोडा कमी हवेत उरतो. बाकीचा समुद्र आणि जमिनीवरची झाडं-माती ओढून घेतात. नेमकं कोण, कुठे, किती ओढतंय आणि उद्याही ओढत राहील का, हे कळायला एकाच जागेचा आकडा पुरत नाही. दोन जागांच्या आकड्यांतला फरक लागतो, आणि तो फरक बारीक असतो. जाळपोळ मुख्यतः उत्तर गोलार्धात होते, म्हणून उत्तरेच्या हवेतला आकडा दक्षिणेपेक्षा थोडा जास्त भरतो. पण किती जास्त, तर जेमतेम काही पीपीएम. १९९० साली पीटर टॅन्स, इनेझ फंग आणि तारो ताकाहाशी या शास्त्रज्ञांनी हीच तफावत तपासली. जाळलेल्या इंधनाच्या हिशेबाने ती जितकी असायला हवी होती त्यापेक्षा कमी निघाली. म्हणजे उत्तरेतच कुणीतरी कार्बन गिळत होतं, आणि समुद्राच्या मोजमापांत तेवढी भूक दिसत नव्हती. बोट जमिनीकडे गेलं, उत्तरेकडची जंगलं आणि माती यांच्याकडे. एवढा मोठा निष्कर्ष एक-दोन पीपीएमच्या फरकावर उभा आहे. तुमच्या-माझ्या केंद्रातलं मोजमाप अर्ध्या पीपीएमने चुकलं तर एखादं खंडाएवढं जंगल कागदावर उगवतं किंवा नाहीसं होतं.

म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यात अट अशी आहे की उत्तर गोलार्धातल्या कुठल्याही दोन केंद्रांचे आकडे एकमेकांशी ०.१ पीपीएमच्या आत जुळले पाहिजेत, दक्षिणेत ०.०५च्या आत. आणि हे आज-उद्यापुरतं नाही. १९८५ साली एकाने काढलेला आकडा आणि २०२५ साली त्याच्या नातवाच्या वयाच्या पोरीने वेगळ्याच यंत्रावर काढलेला आकडा शेजारी मांडता आला पाहिजे.

हे कसं जमतं? लोकांना वाटतं, भारी यंत्रामुळे. यंत्रं भारी आहेतच. हल्लीच्या यंत्रात लेसरचा किरण अतिशय चकचकीत आरशांमध्ये इतका वेळ उलटसुलट फिरतो की वीतभर लांबीच्या नळीत त्याची वाट वीसेक किलोमीटर भरते. पण यंत्राला फक्त तुलना करता येते. मोजमापाचा खरा आधार म्हणजे कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर. त्यांत कोरडी, नैसर्गिक हवा दाबून भरलेली असते आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड किती हे आधी ठरवलेलं असतं. ठरवतं कोण? या तुलनांच्या साखळीचं वरचं टोक अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे मूळ सिलिंडरांतल्या हवेतून कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढतात आणि त्याचा दाब, तापमान, आकारमान मोजून प्रमाण काढतात. दुसऱ्या कुठल्या गॅसशी तुलना नाही, थेट माप. त्या मूळ सिलिंडरांवरून दुय्यम, दुय्यमांवरून तिसऱ्या पायरीचे, आणि ते आमच्यासारख्यांच्या केंद्रावर.

सिलिंडरालाही स्वभाव असतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू आतल्या भिंतीला चिकटून बसतात. दाब उतरत गेला की ते सुटतात आणि हवेतलं प्रमाण कणाकणाने वर चढतं. म्हणून दाब वीसेक बारच्या (बाहेरच्या हवेच्या वीसेक पटींच्या) खाली गेला की सिलिंडर वापरायचा नाही. ‘अजून एवढा गॅस शिल्लक आहे की!’ असं म्हणून नवीन आलेले हळहळतात. त्यांना सांगावं लागतं, की हा गॅस आता खोटं बोलतो. वापरून झाला की तो परत पाठवून पुन्हा मोजून घ्यायचा, मधल्या काळात सरकला असेल तर सगळ्या नोंदी त्याप्रमाणे दुरुस्त करायच्या. काही वर्षांपूर्वी हा मूळ मापदंडच अधिक काटेकोरपणे ठरवून घेतला, त्याला एक्स-२०१९ म्हणतात. ४०० पीपीएमच्या आसपासचे जगभरचे जुने आकडे त्यामुळे सुमारे ०.१८ने वर सरकले. ते सरकवता आले, कारण कोणत्या दिवशी कोणता सिलिंडर लावला होता आणि यंत्राने नुसता काय कौल दिला होता, हे लोकांनी लिहून ठेवलं होतं. म्हणून आमच्यात कच्च्या नोंदी कधी टाकत नाहीत.

ओलाव्याचं एक वाक्यात सांगते: हवेत तीन टक्के वाफ असेल तर तेवढ्यानेच आकडा बारा पीपीएमने खाली दिसतो, म्हणून हवा आधी सुकवायची किंवा वाफ मोजून हिशेब करायचा.

आता एक आमची फजिती. एका हिवाळ्यात आमच्याकडचे दिवसाचे आकडे दोन-तीन दशांश पीपीएमने वर जायला लागले. वारा समुद्राकडून, हवा स्वच्छ, यंत्र ठणठणीत. खातरजमेसाठी आम्ही रोज एक ओळखीच्या आकड्याचा सिलिंडर परका असल्यासारखा मोजून बघतो. तोही बरोबर येत होता. पाच आठवडे आम्ही दूरवरच्या आगी, वाऱ्याची दिशा, काय काय तर्क लढवले. मग एका सहकाऱ्याने सहज म्हणून नोंदी वारांप्रमाणे लावल्या. सोमवार ते शनिवार फुगवटा, रविवारी सपाट. समुद्राला रविवार कळत नाही. रविवार कळतो तो आम्हाला. त्या दिवशी खोलीत कुणी नसायचं. पंपाच्या आधीच्या नळीचा एक सांधा अगदी थोडा ढिला होता आणि तिथून खोलीतली, म्हणजे आमच्याच श्वासांची हवा आत ओढली जात होती. तपासणीचा सिलिंडर पंपाच्या पुढे जोडलेला, त्यामुळे त्याला या गळतीचा पत्ताच नव्हता. गळती शोधायची रीत साधी आहे. तोंडात बारीक नळी धरून एकेका सांध्यावर हळूच फुंकर मारायची आणि पडद्याकडे बघायचं. उच्छ्वासात चार टक्के, म्हणजे चाळीस हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. सातव्या सांध्यावर आकडा टुणकन उडाला. नट पाव फेरा आवळला, संपलं. पाच आठवड्यांच्या नोंदींवर खूण करून त्या तशाच ठेवल्या आहेत, आणि कारणही शेजारी लिहिलंय.

याच कारणासाठी काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरणाऱ्याला पहिला धडा वाऱ्याकडे तोंड करून चालण्याचा देतात, दुसरा श्वास रोखायचा. फ्लास्क नेहमी जोडीने भरतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही बाद.

ज्वालामुखी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतो, मग तिथला आकडा खरा कसा, ही शंका सगळेच काढतात, आणि ती रास्त आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआवर ३,३९७ मीटर उंचीवर हे केंद्र आहे. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाच्या यंत्राने तिथे मार्च १९५८मध्ये पहिला आकडा दिला, ३१३ पीपीएम. ही जागा निवडली ती आजूबाजूला हजारो किलोमीटर समुद्र, पायाखाली उघडा लाव्हा आणि वर स्वच्छ हवा म्हणून. डोंगराचा त्रास होतोच. रात्री उतारावरून खाली येणारा वारा कधी विवरांमधला वायू घेऊन येतो, दुपारी खालच्या झाडीतली हवा वर चढते. पण दोन्हींची चाल ओळखू येते. विवराची हवा आली की आकडा मिनिटामिनिटाला थरथरतो. समुद्रावरून आलेली हवा तासन्तास संथ असते. संथ तास घ्यायचे, थरथरते बाजूला ठेवायचे. एवढ्यावर विश्वास बसत नसेल तर दक्षिण ध्रुवाची नोंद बघा. तिथे ज्वालामुखीची विवरं नाहीत, झाडं नाहीत, रहदारी नाही. आणि चढ तोच, जरा मागून येणारा. उत्तरेत अलास्काच्या टोकाला उट्किआग्विक, कॅनडात अलर्ट, दक्षिणेत टास्मानियाचं केप ग्रिम, अशी पन्नासावर ठिकाणं तेच सांगतात. एका डोंगरावर जगाचा आकडा कुणी टांगलेला नाही.

पण नोंदींची साखळी तुटू शकते, आणि तुटली आहे. १९६४च्या सुरुवातीला पैसे कापले गेले आणि मौना लोआच्या आलेखात काही महिन्यांचं भगदाड पडलं. ते आजही तसंच आहे. गेलेल्या हवेचं मोजमाप नंतर करता येत नाही. १९७४पासून तिथे दुसऱ्या संस्थेची स्वतंत्र मोजणी शेजारी सुरू झाली, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला दिसते. नोव्हेंबर २०२२मध्ये डोंगर खरोखरच फुटला, लाव्ह्याने रस्ता आणि विजेची तार दोन्ही गिळली. तेव्हा समोरच्या मौना केआ डोंगरावर तात्पुरती मोजणी सुरू करून नोंद पुढे नेली. लाव्हा परवडला, असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. नवीन यंत्राचं उद्घाटन करायला सगळे येतात. चाळिसाव्या वर्षी सिलिंडर पुन्हा मोजायला पाठवायचं भाडं मागितलं की ‘यात नवीन काय आहे?’ असं विचारतात.

नवीन काय असतं ते सांगते. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात झाडं कार्बन ओढतात, हिवाळ्यात कुजणाऱ्या पानांतून तो परत येतो. म्हणून आलेखाला दरवर्षी एक झोका असतो, मे महिन्यात माथा, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. १९५८ ते १९६१ या काळात विमानांतून वरच्या हवेचे नमुने घेतले होते. पन्नास वर्षांनी, २००९ ते २०११मध्ये, पुन्हा विमानं फिरवली आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. ४५ अंश उत्तरेच्या वर हा झोका जवळजवळ निम्म्याने वाढलेला निघाला. उत्तरेकडच्या जंगलांचा श्वास खोल झाला होता. १९५८च्या वैमानिकाला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने नीट बाटल्या भरल्या आणि कुणीतरी नीट लिहून ठेवलं.

केप ग्रिमला १९७८पासून दरवर्षी काही वेळा स्वच्छ हवा पोलादी सिलिंडरांत भरून नुसती साठवून ठेवतात. पुढे नवे कृत्रिम वायू वापरात आले, ते मोजणारी यंत्रं आली, तेव्हा हे जुने सिलिंडर उघडून तो वायू हवेत कधीपासून आहे ते बघता आलं. मला या सगळ्या कारभारात हाच भाग सगळ्यात आवडतो. उद्या काय विचारलं जाईल ते माहीत नसताना हवा जपून ठेवायची.

चोरी पकडल्याचंही उदाहरण आहे. सीएफसी-११ हा ओझोनचा थर खाणारा आणि हवा तापवणाराही वायू. त्याच्या उत्पादनावर २०१०पासून जगभर बंदी. हवेतलं त्याचं प्रमाण ठराविक गतीने उतरायला हवं होतं. २०१८मध्ये जाळ्यातल्या नोंदींवरून दिसलं की २०१२नंतर ही उतरण जवळपास निम्म्यावर आली आहे, म्हणजे कुठेतरी नव्याने बनतोय. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियाचं गोसान आणि जपानचं हातेरुमा, या दोन केंद्रांवर वारा कुठून आला की आकडा चढतो ते ताडून वाढीचा मोठा वाटा पूर्व चीनमध्ये असल्याचं दाखवलं. त्यानंतर ते उत्सर्जन उतरलं. कुठल्याही सरकारी अहवालात ही गोष्ट नव्हती. ती हवेत होती.

उलट उदाहरणही द्यायला हवं. २०२०च्या टाळेबंदीत जगाचं उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घटलं, आणि अनेकांनी मला विचारलं, आलेखात खड्डा कुठे आहे? नाहीच. एवढ्या घटीने वर्षाच्या वाढीत एक-दोन दशांशांचा फरक पडतो, आणि जंगलं-समुद्र यांच्या लहरीनेच ती वाढ वर्षागणिक एखाद्या पीपीएमने खालीवर होते. जागतिक सरासरीकडून एका वर्षाचा हिशेब मागू नये. त्यासाठी शहरांभोवतालची दाट केंद्रं लागतात आणि कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप विरत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, लागतो. कोळसा-तेल इतकं जुनं असतं की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. त्यामुळे हवेतला कार्बन धुराड्यातून आला की पालापाचोळ्यातून, हे त्यावरून वेगळं काढता येतं. समुद्र आणि जमीन यांची वाटणी ऑक्सिजनवरून कळते: झाडं कार्बन घेताना ऑक्सिजन सोडतात, समुद्रात विरघळणारा कार्बन तसं काही करत नाही. राल्फ कीलिंग, म्हणजे चार्ल्स यांचे चिरंजीव, १९८९पासून ऑक्सिजनची ही बारीक घट मोजत आले आहेत.

मग उपग्रह? मी त्यांच्या विरोधात नाही. मिथेनच्या मोठ्या गळत्या ते जसे शोधतात तसं आम्हाला सात जन्मांत जमणार नाही. पण उपग्रह जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशावर जगतो. रात्र, ढग, ध्रुवावरचा हिवाळा, इथे तो आंधळा. तो जे देतो ती जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेची सरासरी. खाली जंगलाने काय केलं ते त्यात पातळ होऊन जातं. धूळ, पृष्ठभागाची चमक यांनी त्याचा आकडा थोडा झुकतो, आणि तो झुकाव जमिनीवरून सूर्याकडे बघणाऱ्या मोजणी केंद्रांवरून दुरुस्त करतात. त्या केंद्रांचा काटा कशावर लावतात? त्यांच्या डोक्यावरून विमान उडवून, विमानातल्या यंत्राने. आणि विमानातलं यंत्र कशावर? कोपऱ्यातल्या त्याच सिलिंडरावर. उपग्रहाचं आयुष्य काही वर्षांचं असतं. २००९ साली तर एक कार्बन उपग्रह उड्डाणातच गेला, त्याचा जुळा भाऊ अवकाशात पोचायला २०१४ उजाडलं. एका उपग्रहाची नोंद दुसऱ्याला जोडताना मधला पूल जमिनीवरच असतो.

खरी उणीव जुनी केंद्रं जास्त आहेत ही नसून नको तिथे विरळ आहेत ही आहे. युरोप-अमेरिकेत दाट, उष्ण कटिबंधात तुरळक. आणि कार्बनचा सगळ्यात मोठा श्वासोच्छ्वास तिथेच चालतो. ब्राझीलच्या लुसियाना गात्ती आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ अशी नऊ वर्षं ॲमेझॉनवर चार ठिकाणी छोट्या विमानांतून हवा गोळा केली, ५९० उड्डाणं. आग्नेय ॲमेझॉन कार्बन ओढण्याऐवजी सोडतोय, हे त्यातून दिसलं. आठ-दहा उड्डाणांत तो कल कुणालाच दिसला नसता.

आता तुमच्या गच्चीकडे परत येऊ. सेन्सर फेकू नका. आपोआप सरळ होण्याची सोय आधी बंद करा. शक्य झालं तर एखाद्या चांगल्या यंत्राशेजारी तो पंधरा दिवस ठेवा, मग गच्चीवर, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पंधरा दिवस तिथे. मधली सरक त्यावरून कळेल. एकाऐवजी दोन सेन्सर लावा, भांडले की कळतं. तापमान, दाब, आर्द्रता सोबत नोंदवा. आणि वार्षिक वाढ त्याच्याकडून मागू नका. त्याच्याकडून रात्र मागा. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थिजते, झाडं-मातीचा आणि गाड्यांचा कार्बन तिथेच साचत जातो, पहाटे आकडा पन्नास-शंभरने वर असतो आणि ऊन चढलं की तासाभरात कोसळतो. हा झोका तुमच्या सेन्सरला छान दिसेल, आणि वाऱ्याच्या रात्री तो का दिसत नाही हेही तुम्हीच शोधून काढाल. नोंदवहीच्या पहिल्या पानावर सेन्सरचा क्रमांक, जमिनीपासूनची उंची, तोंड कुठल्या बाजूला आहे आणि गच्चीवर कोण किती वाजता येऊन उभं राहतं, तेवढं आजच लिहून ठेवा.